घाटघरचा डोंगर, दंडाराजपुरीचं पाणी

घाटघर नावाची दोन गावं आहेत आणि लोक दोन्हींची हमखास गल्लत करतात. एक अकोले तालुक्यातलं, वीजप्रकल्पामुळे माहीत झालेलं. दुसरं जुन्नर तालुक्यातलं, नाणेघाटाच्या डोक्यावर, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी. मी लिहितोय ते या दुसऱ्या घाटघरबद्दल.

गेल्या मार्चमध्ये माझ्या मुलाच्या गिर्यारोहण गटाचं तिथे दोन दिवसांचं शिबिर होतं. पंधरा-सोळा वर्षांची वीस-बावीस मुलं होती. पालकांपैकी कुणीतरी सोबत यावं असं ठरलं आणि इतिहासाचं थोडंफार वाचतो म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. उमेदीची बरीच वर्षं त्यांनी नद्यांवर पूल बांधण्यात आणि बोटी हाकण्यात काढलेली. त्यांनी मुलांना एक सराव दिला. ऐकायला अगदी सोपा. एक तुकडी घाटघरहून डोंगराच्या कडेनं चालत खाली माणिकडोह धरणाच्या पाण्याशी येईल. दुसरी तुकडी हडसरच्या बाजूनं दोन रबरी बोटींतून वल्हवत वर येईल. नकाशावर खूण केलेल्या काठावर दोघांनी दुपारी चार वाजता भेटायचं. चालणाऱ्यांनी बोटवाल्यांना जेवणाचं सामान द्यायचं, बोटवाल्यांनी त्यांना पलीकडच्या तीरावर पोचवायचं. मोबाईल दोन्ही तुकड्यांचे काढून घेतले. हाताशी फक्त शिट्टी, आरसा आणि घड्याळ.

बोटीत बसायचे नियम आधी काठावरच घोटून घेतले. लाईफ जॅकेटची पट्टी दुसऱ्यानं ओढून पाहायची, स्वतःची स्वतः तपासलेली चालणार नाही. वजनदार गडी मध्ये. काठाला लागल्यावर सगळ्यात पुढचा एकटा उतरेल, दोर हातात घेईल आणि तो "हो" म्हणाल्याशिवाय बाकीच्यांनी बूड हलवायचं नाही. वल्ही एका आवाजावर पडली पाहिजेत. हा शेवटचा नियम मुलांना सगळ्यात सोपा वाटला आणि तोच सगळ्यात अवघड निघाला.

मी चालणाऱ्यांबरोबर होतो. आम्ही चार वाजून दहा मिनिटांनी काठावर पोचलो आणि मुलांनी जल्लोष केला. बोट कुठेच नव्हती. साडेचार झाले, पाच झाले. शिट्ट्या वाजवून मुलांचे गाल दुखले. शेवटी शेळ्या राखणाऱ्या एका गावकऱ्यानं आम्हाला हटकलं. "इथं कशाला बसलाय? तुमच्या बोटी त्या सोंडेच्या पल्याड चिखलात बसल्यात." चूक दोन्ही तुकड्यांची होती. नकाशातला काठ भरलेल्या धरणाचा होता. मार्चपर्यंत पाणी बरंच उतरतं आणि काठ आपली जागा सोडून खाली जातो. आम्ही सरळ रेषेत उतरून भलत्याच खोलगटाशी आलो होतो. बोटवाल्यांना दुपारनंतर घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या वाऱ्यानं तोंडावर घेतलं होतं. शिवाय खुणेच्या जागी त्यांना पाणी मिळालं नाही, मिळाला गुडघाभर गाळ. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, म्हणजे आमच्या शिट्ट्या त्यांना ऐकू यायला हव्या होत्या; पण मधल्या सोंडेनं त्या अडवल्या. आरसा तर खिशातच राहिला, कारण सूर्य डोंगराआड गेलेला.

सुभेदारसाहेब चिडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, की डोंगरात चालणं शिकवता येतं, बोट चालवणं शिकवता येतं, पण दोघांना वेळेवर भेटवणं शिकवायला आयुष्य जातं. मला ते ऐकून एकदम लाया पाटील आठवला. त्याच्याकडे नंतर येतो.

रात्री शेकोटीशी मला बोलायला सांगितलं. मी जीवधनबद्दल बोललो, निजामशाहीबद्दल बोललो. मध्येच एका मुलानं अगदी निरागसपणे विचारलं, "काका, तुमचे लोक किल्ल्याच्या आत होते की बाहेर?" त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण माझा मुलगा एकदम खाली बघायला लागला आणि मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. "दोन्हीकडे" असं काहीतरी पुटपुटलो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते त्याच डोंगर-पाण्याच्या सरावात दडलेलं आहे.

सुरुवात 1486 पासून करू. बहमनी सल्तनतीचा जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद तेव्हा कोकणात दंडाराजपुरीला वेढा घालून बसला होता. दंडाराजपुरी म्हणजे राजपुरीची खाडी आणि तिच्या तोंडावरचं ते बेट, ज्याला आपण आज जंजिरा म्हणतो. वेढ्यात असतानाच बाप मारला गेल्याची खबर त्याला मिळाली. हा बाप, मलिक हसन, मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या घरातला. लहानपणी कैद होऊन बिदरला आला आणि मुसलमान होऊन वजीरपदापर्यंत चढला. मलिक अहमद वेढा उठवून जुन्नरला परतला. आधी शिवनेरी. तिथले मराठे किल्लेदार दार उघडेनात, तेव्हा वेढा घालून तो किल्ला घेतला. आत पाच वर्षांच्या वसुलाचा खजिना सापडल्याचं फरिश्ता लिहितो. त्या पैशावर माणसं बांधून चावंड, जीवधन, लोहगड, तुंग, तिकोना, कोंढाणा, पुरंदर, माहुली असे किल्ले त्यानं एकामागून एक घेतले. दंडाराजपुरीही पुढे त्याच्या हातात आली.

आता नकाशा बघा. जुन्नर घाटावर, दंडाराजपुरी समुद्रात. मधे सह्याद्रीची भिंत. जुन्नरात बसून कोकणचं बंदर सांभाळायचं तर घाटवाटा मुठीत हव्यात आणि घाटवाटा मुठीत ठेवायच्या तर त्यांच्या डोक्यावरचे किल्ले हवेत. नाणेघाट त्यातला सगळ्यात जुना. सातवाहनांच्या काळापासून कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेनं जुन्नरच्या बाजारात चढत होता. नागनिकेचा लेख तिथल्या लेण्यात आजही भिंतीवर आहे. त्यामुळे जीवधनचा एक दरवाजा कल्याण दरवाजा आणि दुसरा जुन्नर दरवाजा असावा, यात नवल नाही. एक दार समुद्राकडे पाहतं, दुसरं देशाकडे.

मलिक अहमदचं, म्हणजे पहिल्या अहमद निजामशहाचं, आणखी एक प्रकरण फरिश्तानं नोंदवलंय. त्याला तलवारबाजीचा विलक्षण नाद होता. राजाचा नाद म्हटल्यावर अहमदनगरच्या गल्लोगल्ली तालमी उघडल्या आणि तरुण पोरं दुसरं काही बोलेनाशी झाली. इथवर ठीक. पण मग सरावाचं द्वंद्व झालं, द्वंद्वाचं वैर झालं, आणि राजवाड्याच्या अंगणात रोज कुणी ना कुणी मरू लागलं. फरिश्ता हे नाराजीनं लिहितो आणि त्याची नाराजी मला पटते. सराव कशासाठी हे विसरलं की तालीम म्हणजे नुसती खुमखुमी उरते. जाता जाता शब्दाचीही गंमत बघा. माझ्या घरात तालीम म्हणजे शाळेतलं शिक्षण, शेजारच्या पेठेत तालीम म्हणजे तांबडी माती आणि नाटकवाल्यांची तालीम तिसरीच. शब्द एकच, अरबीतून आलेला. कवायत हा शब्दही अरबीच, 'कवाइद' म्हणजे नियम. आणि पाण्यावर जाल तर नाखवा, सारंग, खलाशी, लंगर, गुराब हे सगळे शब्द अरबी-फारसी बंदरांतून आले आणि कोळ्यांच्या तोंडात बसले. आरमार मात्र पोर्तुगीजांकडून. जिनं कवायत शिकवली तिचा शब्द राहिला, एवढा साधा हा हिशोब आहे.

पुढचा माणूस मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत पोचलेला. मोगलांनी 1600 साली अहमदनगर घेतलं तेव्हा संपत आलेली निजामशाही त्यानं पुढं पंचवीसेक वर्षं उभी ठेवली आणि काही काळ तिची राजधानी याच जुन्नरला होती. त्याचं बळ मराठा बारगिरांचं. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळतो असा स्वार. समोरासमोर लढायचं नाही, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात विरून जायचं. गनिमी कावा आपण ज्याला म्हणतो त्याची ही मोठी शाळाच होती आणि शहाजीराजे त्या शाळेत वाढले. 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा अंबरनं तिथल्या तलावाचा बांध फोडला. छावणीच्या जमिनीचा चिखल झाला. तोफा रुतल्या, हत्ती रुतले, जड फौज जागीच अडकली आणि हलके स्वार तिच्याभोवती फिरत राहिले. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी त्या लढाईत निजामशाहीसाठी पडले. शहाजी आणि शरीफजी ही दोन नावं नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून ठेवलेली, हेही सगळ्यांना माहीत असतंच असं नाही.

माणिकडोहच्या गाळात गुडघाभर रुतलेल्या बोटी पाहताना मला भातवडी आठवली. पाणी माणसाला बुडवतं हे सगळे जाणतात. पाणी जमिनीचा स्वभावच बदलतं, हे अंबरला ठाऊक होतं आणि आमच्या गटाला नव्हतं.

अंबर 1626 मध्ये गेला आणि निजामशाहीचा तोल गेला. 1632 च्या सुमारास शहाजीराजांनी जीवधनवर ठेवलेल्या निजामशाही घराण्यातल्या मुर्तझा नावाच्या लहान मुलाला तिथून नेलं, पेमगिरीवर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं चार वर्षं मोगल-आदिलशाहीशी झुंज घेतली. माहुलीवर 1636 मध्ये ती संपली. ज्या पाण्यात आमच्या बोटी अडकल्या त्या जलाशयाचं नाव शहाजीसागर आहे. वर जीवधन, खाली शहाजीसागर. नाव ठेवणाऱ्याच्या मनात हे होतं की नव्हतं, देव जाणे.

शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये या दोन्ही टोकांना हात घातला. 30 एप्रिलच्या रात्री दोराच्या शिड्या लावून त्यांची माणसं जुन्नर शहराच्या तटावर चढली आणि दोनशे घोडे व तीन लाख होन घेऊन गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत आरमाराला सुरुवात झाली. म्हणजे नाणेघाटाचं वरचं टोक आणि खालचं टोक, एकाच वर्षात. वर लुटलेल्या घोड्यांवर स्वार बसले आणि खाली गलबतं बांधायला पोर्तुगीज कारागीर लागले. आरमाराचे पहिले मोठे सरदार कोण? मायनाक भंडारी, दर्यासारंग आणि दौलतखान. भंडारी किनाऱ्यावरचा माणूस. बाकी दोघे मुसलमान. त्यांनी ही विद्या ज्या समुद्रावर शिकली त्याच समुद्रावर समोर जंजिऱ्याचे सिद्दी होते, अंबरसारखेच आफ्रिकेतून आलेले.

आणि आता लाया पाटील. सोनकोळ्यांचा हा पुढारी. त्याची गोष्ट कुलाब्याच्या किनाऱ्यावर आजही सांगितली जाते. 1676 च्या सुमारास जंजिऱ्यावर मोहीम होती, मुख्य मोरोपंत पिंगळे. ठरलं असं की लाया पाटलानं रात्री होड्या घेऊन तटाशी जायचं आणि शिड्या लावायच्या. मागून मोरोपंतांचे धारकरी येऊन चढतील. लाया पाटील गेला. सिद्दीच्या पहाऱ्याखाली, भरती-ओहोटीचं गणित सांभाळत, काळोखात त्यानं शिड्या लावल्या आणि वाट पाहत राहिला. धारकरी आले नाहीत. उजाडायला लागलं तेव्हा त्यानं शिड्या काढल्या आणि परत फिरला. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर्दी माणसाला पालखी काय कामाची, असं त्यानं म्हटल्यावर एक गलबतच बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी'. जंजिरा कधीच पडला नाही. पाण्यावरची तुकडी वेळेवर, जमिनीवरची उशिरा. आमच्या शिबिरात उलट झालं, एवढाच फरक. बरं, मोरोपंत काही कच्चे नव्हते. डोंगरातला वेळ पावलांनी मोजतात आणि समुद्रातला वेळ चंद्रानं. ही दोन घड्याळं जुळवणं खरोखरच कठीण.

ती जुळली की काय होतं ते खांदेरीला दिसलं. 1679 च्या पावसाळ्याच्या शेवटी मायनाक भंडारी दीडशे माणसं घेऊन थळसमोरच्या त्या बेटावर उतरला आणि तट बांधू लागला. मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा दिला. 18 ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार नागावच्या खाडीतून बाहेर पडलं. इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गलबत मराठ्यांनी पकडलं, पण 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे त्यांना मागे फिरावं लागलं. समोरासमोरच्या झुंजीत ते हरलेच म्हणा. पण खांदेरी त्या झुंजीवर ठरायचीच नव्हती. वारा पडला की मोठं जहाज जागीच उभं राहतं, लहान होडी वल्ह्यांवर जाते. खडकाळ, उथळ पाण्यात मोठ्याला शिरता येत नाही. किनाऱ्यावरून दगड, चुना, धान्य, माणसं रात्री जात राहिली. तट उभा राहिला आणि बेट मराठ्यांकडेच राहिलं. इंग्रजांबरोबर तिथे सिद्दी कासमचंही आरमार होतं. म्हणजे एका गलबतावर दौलतखान आणि समोरच्या जहाजावर सिद्दी कासम. माझ्या त्या शेकोटीवरच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे ढळढळीत पडलेलं आहे.

यानंतर मी दोनशे साठ वर्षं उडी मारतो, कारण सुभेदारसाहेबांची विद्या तिथून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला तेव्हा समुद्रातून किनाऱ्यावर फौज उतरवण्याचं शिक्षण हिंदुस्थानातल्या सैन्याला देणं भाग पडलं. त्यासाठी केंद्र निघालं ते कुठे? पुणे जिल्ह्यातच, खडकवासल्याच्या तलावावर. उत्तर काठावर 'अँगोस्टुरा' नावाचं एक नकली जहाज उभं केलं होतं. शिपायांनी त्यावर चढायचं, त्यावरून लहान बोटींत उतरायचं, काठ गाठायचा, पाण्यातून धावत वर जायचं आणि समोरचा डोंगर घ्यायचा. समुद्र कुठेतरी लांब आणि सराव सिंहगडाच्या सावलीत. लढाई संपल्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना खडकवासल्याची निवड झाली ती तलाव, भोवतीचे डोंगर आणि हे जुनं केंद्र व तिथलं पडीक नकली जहाज यांच्यामुळेही. पंडित नेहरूंनी 6 ऑक्टोबर 1949 रोजी तिथे पायाभरणी केली. प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक. पूर्व आफ्रिकेच्या लढाईत सुदानसाठी मेलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ सुदान सरकारनं एक लाख पौंड दिले होते. फाळणीत त्यांचीही वाटणी झाली, सत्तर हजार भारताला, तीस हजार पाकिस्तानला. त्या सत्तर हजारांतून ही इमारत. इथिओपियातून आलेला अंबर आणि सुदानहून आलेला पैसा, दोन्ही पुणे जिल्ह्यात सैनिक घडवण्याच्या कामी आले, हे मला फार आवडतं. याला काही अर्थ आहेच असं नाही. पण आवडतं.

सगळ्यात मोठा सराव मात्र कुणी मुद्दाम आखलेला नव्हता. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले महादेव कोळी आणि ठाकर शतकानुशतकं भातशेती आणि रानावर जगले. नावात कोळी असलं तरी जाळं आणि होडी समुद्रावरच्या कोळ्यांची; यांची विद्या कड्यांची. मग धरणं आली. घोड नदीवर डिंभे, कुकडीवर माणिकडोह. खोऱ्यातली चांगली जमीन पाण्याखाली गेली आणि माणसं वर, उतारावर सरकली. आंबेगावात डिंभ्याच्या विस्थापितांनी 'शाश्वत' संस्थेच्या आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या साथीनं मच्छिमारांची सहकारी सोसायटी उभी केली. ज्यांनी कधी वल्हं धरलं नव्हतं त्या डोंगरातल्या लोकांनी होडी शिकून घेतली, जाळी विणली, ज्या पाण्यानं शेत नेलं त्यातूनच मासे काढले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात पीकही घेतलं. पाणी केव्हा किती उतरेल, गाळ कुठे पाय धरेल, वारा कुठल्या सोंडेवरून फिरेल, हे त्यांना कुठल्याही नकाशाशिवाय ठाऊक असतं. आम्हाला ते विचारावंसंही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सराव पुन्हा झाला. या वेळी निघण्याआधी सुभेदारसाहेबांनी त्या शेळ्यांवाल्या गावकऱ्याला चहाला बोलावलं आणि नकाशा त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं नकाशाकडे पाहिलंही नाही. हातानं दाखवलं, "ती दोन बाभळी दिसतात ना, तिथं दगड आहे. तिथं लावा. दुपार व्हायच्या आत." दोन्ही तुकड्या अकराला भेटल्या, पाच मिनिटांच्या फरकानं. बोटीत माझा मुलगा आणि तो शेकोटीवाला मुलगा शेजारी शेजारी होते आणि मोजणीवरून भांडत होते.

परतताना बसमध्ये तो माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याला खांदेरी सांगितली. दौलतखान कुठे होता आणि सिद्दी कासम कुठे, शहाजीराजे आधी कुणाचे सरदार होते आणि मग कुणाचे, जीवधनवरचं ते पोर कुणी उचलून नेलं. त्यानं बराच वेळ विचार केला. "म्हणजे हे सगळे एकमेकांना ओळखत असणार," तो म्हणाला. मी म्हटलं, हो, चांगलंच. तेव्हा माझा मुलगा मागच्या सीटवरून म्हणाला, "अब्बा, मग पुढच्या वेळी जंजिरा करू या." आणि दोघं भरती-ओहोटी कशी मोजतात त्यावर बोलायला लागले.

एक सांगायचं राहिलं. निघण्याआधी मी त्या गावकऱ्याचे आभार मानायला गेलो होतो. तो काठावर उभा राहून पाण्याकडे बघत होता. "भाऊ, मे महिन्यात या," तो म्हणाला. "पाणी आणखी उतरतं. त्या तिथं बांध दिसायला लागतात, जुन्या खाचरांचे. तिसरा आमचा."